काकूंकडे मी कामाला होते

बेकारी भत्ता देताना सरकारने एकेकाला धरून तपासलं पाहिजे, असं मी इथल्या मराठी मंडळाच्या जेवणात, भर पॉटलकमध्ये म्हटलं होतं, तेही चांगलं मोठ्यांदा. हातात पावभाजीची प्लेट, समोर मंडळातली ओळखीची माणसं, आणि मी चढलेली. कोविडच्या काळात भलत्याच लोकांनी भत्ता कसा उचलला, याच्या गोष्टी तेव्हा अजून रंगवून सांगितल्या जायच्या. "आपण टॅक्स भरायचा आणि फुकट्यांनी बसून खायचं! राज्याकडे एवढे कंप्युटर आहेत, ते काय पूजेला ठेवलेत? कोण काम करतं आणि कोण नाही, लावा ना ताळा!" नवऱ्याने मला कोपर मारलं. माझ्या शेजारी उभ्या असलेल्या गृहस्थांची नोकरी नुकतीच गेलेली होती, हे मला त्यानंतर कळलं. ते बिचारे कोशिंबीर वाढून घ्यायला निघून गेले.

पुढे राज्याने ताळा लावला, तो माझाच लावला.

आम्ही अमेरिकेत श्रूजबरीला राहतो. मेडिकल उपकरणं बनवणाऱ्या एका कंपनीत मी सॉफ्टवेअर टेस्टिंग करायचे. मुलगी बालवाडीत असताना लागले होते, ती कॉलेजात गेली तरी तिथेच. एका सकाळी कॅलेंडरवर एक छोटी मीटिंग दिसली. मीटिंगमध्ये माझी मॅनेजर होती आणि एचआरची एक गोड आवाजाची मुलगी होती. जेवायच्या वेळेपर्यंत माझा लॅपटॉप बंद झालेला होता. मी घरी येऊन अख्खं कपाट आवरलं आणि मग बाथरूममध्ये जाऊन रडले.

भत्त्यासाठी क्लेम कर, असं नवरा पहिल्या दिवसापासून सांगत होता. "तो विमा आहे गं. तुझ्यासाठी कंपनी इतकी वर्षं राज्याकडे हप्ते भरत होती. गाडी ठोकली तर इन्शुरन्सचे पैसे घेतेसच ना?"

"गाडी मी ठोकलेली नाही. मलाच ठोकलंय!" मी खेकसले.

पण केला क्लेम. दर रविवारी राज्याच्या वेबसाइटवर जाऊन त्या आठवड्याची उत्तरं द्यायची असतात. नोकरी शोधली का, काम मिळालं तर करायची तयारी आहे का, आणि मुख्य म्हणजे, या आठवड्यात काही काम केलं का. तेवढं भरलं की पैसे जमा होतात. मी दार लावून ती उत्तरं भरायचे. बाहेर कुणी विचारलं की सांगायचे, "ब्रेक घेतलाय, जरा स्वतःसाठी." लोकही "हाऊ नाइस!" म्हणायचे. त्यांनाही कळत होतं आणि मलाही कळत होतं.

खरं काय ते फक्त काकूंना माहीत होतं, कारण काकू थेट तोंडावर विचारतात. काकू नागपूरच्या. जिल्हा परिषदेच्या हिशेब खात्यातून रिटायर होऊन नातवंडं सांभाळायला मुलाकडे आल्या. नातवंडं मोठी झाली, तशी यांना स्वस्थ बसवेना. त्यांनी फराळाचा धंदा काढला. घरातल्या घरात चोरून नाही, आरोग्य खात्याचं लायसन्स काढून, गावाबाहेरच्या एका भाड्याच्या किचनमध्ये. ते किचन अर्धा दिवस काकूंचं आणि अर्धा दिवस केक करणाऱ्या एका ब्राझिलियन बाईचं. काकूंचा स्वभाव तिखट आणि हात आखडता. डब्यात चिवडा भरताना त्या काट्याकडे अशा बघायच्या की काट्यालाही घाम फुटावा. तरी त्यांच्या भाजणीची सर दुसऱ्या कुठल्या भाजणीला येत नाही.

त्या वर्षी दिवाळीच्या आधी त्यांचा फोन आला. "काय करून राहिली तू घरी? ये माझ्याकडे. ऑर्डरी खूप आल्या आहेत, माणसं कमी पडताहेत."

मी गेले. खरं सांगायचं तर मला बरंच वाटलं. सकाळी आंघोळ करून कुठेतरी जायचं, कुणीतरी आपली वाट बघतंय, याची मला भूक लागली होती. पहिल्याच दिवशी काकूंनी ओट्यावर कागद ठेवले. "आधी सह्या कर. आपल्याकडे सगळं रीतसर असतं. तास लिहायचे, आठवड्याला चेक घ्यायचा. आणि तू भत्ता घेतेस ना? मी राज्याला तुझा पगार कळवणार आहे. तूही तिकडे सांग, विसरू नकोस."

"हो काकू," मी म्हटलं. मोठ्यांना आपण जसं हो म्हणतो, तसं. माझं अर्धं लक्ष भाजणीच्या परातीकडे होतं. पिठाच्या हातानेच सह्या केल्या आणि सोऱ्या उचलला.

पहिला घाणा माझा पार फसला. मोहन जास्त झालं होतं, चकल्या तेलात पडताच विरघळल्या. काकूंनी झाऱ्याने तो सगळा भुगा काढला आणि म्हणाल्या, "इंजिनियर ना तू? मग तेल मोजून घालता येत नाही?" ब्राझिलियन बाई खो खो हसली. मीही हसले. मग हळूहळू हात बसला. संध्याकाळी घरी आले की खांदे भरून आलेले असायचे आणि अंगाला तळणाचा वास. कॉलेजातून घरी आलेल्या मुलीने एकदा माझ्या बोटावरचे चटके बघून विचारलं, "मम्मा, आर यू वर्किंग देअर?"

"छे गं, काकूंना जरा मदत करते."

"दॅट्स लिटरली अ जॉब," ती म्हणाली आणि फोनकडे वळली.

आठवडा संपला, काकूंनी चेक पुढे केला. मी एकदम मागे सरले. "काकू, हे काय? पैसे कसले! तुमच्याकडून पैसे घेऊ मी?"

"ठेव."

"नाही हं, मुळीच नाही. मला वाईट वाटेल."

"अगं ठेव म्हणते ना!" काकूंनी चेक माझ्या पर्समध्ये कोंबला. दर आठवड्याला हा खेळ व्हायचा. मी नको नको म्हणायचं, त्यांनी डोळे वटारायचे, शेवटी चेक पर्समध्ये. आपल्याकडे ही रीतच आहे. पैशाला पहिल्याच वेळी हात लावला तर माणूस हपापलेलं दिसतं. मी तर त्याच्याही पुढे गेले. घरी येऊन ते चेक देव्हाऱ्यात कुंकवाच्या डबीखाली सरकवून ठेवायचे, आणि बँकेत एकही भरला नाही. कसं भरणार? काकूंचे पैसे ते. मला त्यात आपण फार मोठ्या मनाच्या आहोत असं वाटायचं.

आणि रविवारी वेबसाइटवर प्रश्न यायचा. या आठवड्यात काही काम केलं का?

पहिल्या रविवारी मी 'हो' दाबलंही होतं. तर खाली आणखी रकाने उघडले. मालकाचं नाव काय. कामाचा प्रकार कोणता. यादीतून निवडायचा होता. मी यादी खाली खाली सरकवत गेले आणि 'खाद्यपदार्थ तयार करणारे मदतनीस' यापाशी येऊन थांबले. ही मी? भिंतीवर डिग्री लावलेली, परिषदांमध्ये पेपर वाचलेली मी? मी मागे गेले आणि 'नाही' दाबलं. पैसे घेतलेच कुठे आहेत, असं स्वतःला सांगितलं. दिवाळी होईपर्यंत दर रविवारी तेच सांगितलं.

डिसेंबरात काकूंचा फोन आला. "ते चेक टाकले का गं तू? माझं बँकेचं जुळून नाही राहिलं."

"टाकते काकू, टाकते," म्हणाले, आणि विसरून गेले.

हिवाळा सरता सरता राज्याकडून विचारणा आली. इथे मालक दर तिमाहीला कुणाला किती पगार दिला ते राज्याला कळवतो, आणि राज्य आता ते भत्ता घेणाऱ्यांच्या उत्तरांशी ताडून बघतं. काकूंच्या कागदावर माझा पगार होता. माझ्या उत्तरात काम नव्हतं. खुलासा करा.

नवऱ्याने ते वाचलं आणि म्हणाला, "चूक झाली म्हणून सांग आणि मोकळी हो."

पण मी चिडले होते. घाबरले होते म्हणूनच चिडले होते. माझ्यासारख्या प्रामाणिक बाईला चोर ठरवता? लाखो डॉलर लाटणारे सुटतात आणि चकल्या करणारी सापडते? वा रे वा! मी लॅपटॉप ओढला आणि खुलाशाच्या चौकोनात फाडफाड इंग्रजी टाइप केलं. इंग्रजी माझं चांगलं आहे. त्याचाच घात झाला. 'पाठवा' दाबलं आणि मला एकदम हलकं वाटलं. नवऱ्याने विचारलं, काय लिहिलंस? म्हटलं, जे आहे ते.

त्यानंतर बरेच दिवस काही झालं नाही. काकूंचाही फोन नव्हता. पाडव्याला त्या पुरणपोळ्यांच्या ऑर्डरी घेतात, म्हणून मीच मेसेज केला. उत्तर आलं, "या वर्षी पोळ्या नाहीत." मला वाटलं, तब्येत बरी नसेल.

मग ती ब्राझिलियन बाई मला ग्रोसरीच्या दुकानात भेटली. अंड्यांपाशी उभी होती. मला बघून तिचा चेहरा असा काही झाला की मी विचारलं, काय झालं? तिने सांगितलं. राज्याचे लोक किचनमध्ये आले होते. काकूंची सगळी दप्तरं मागितली. त्यांना संशय होता की ही बाई खोट्या कामगारांच्या नावाने पगार दाखवते. असे धंदे करणारे असतात म्हणे, कागदावर कंपनी, कागदावर नोकर, आणि मागाहून भत्ता उचलायचा. ज्या बाईला पगार दिला असं दाखवलंय ती म्हणते मी नोकर नाही, आणि तिच्या नावाचे चेक बँकेत वटलेलेच नाहीत. जागेच्या मालकाने हे ऐकलं आणि सांगितलं, निकाल लागेपर्यंत किचन वापरू नका. नाही सुटल्या तर करारच रद्द.

"यू डिडन्ट नो?" तिने विचारलं.

माझ्या हातातला अंड्यांचा खोका मी परत ठेवला. मला तिच्याकडे बघवेना. ज्या चेकांवरून मी मनात एवढी मिरवत होते, त्याच चेकांनी काकू लबाड ठरत होत्या.

घरी येऊन मी काकूंना फोन लावला. त्यांनी उचलला नाही. पुन्हा लावला, मुलाने उचलला. म्हणाला, आई म्हणते राज्याने तुम्हा दोघींची सुनावणी ठेवली आहे ना, तिथेच बोलू. अगदी सभ्यपणे म्हणाला. त्याने चार शिव्या घातल्या असत्या तर मला परवडलं असतं.

सुनावणी फोनवर होती, दुपारची. मी घरात बसले नाही. लायब्ररीच्या पार्किंगमध्ये गाडी लावली, काचा वर केल्या. घरच्या कुणाला माझा आवाज ऐकू जायला नको होता. लाइनवर तिघं. मी, काकू, आणि सुनावणी घेणारी एक बाई. तिचा आवाज शांत, कुणाच्याही बाजूचा नाही. शपथ दिली. काकूंना दुभाषी हवा का विचारलं. काकू म्हणाल्या, नको, हळू बोला, कळतं मला.

मी ठरवून आले होते की आधी माफी मागायची. पण त्या बाईने सांगितलं, आधी रेकॉर्डवरचा खुलासा वाचते, मग प्रश्न. आणि ती वाचायला लागली.

मी काय लिहिलं होतं ते मला तोवर धड आठवतही नव्हतं. रागाच्या भरात लिहिलेलं कुणाला आठवतं? तिच्या सपाट आवाजात ते शब्द एकेक करून आले. या बाई आमच्या ओळखीच्या एक वृद्ध आजी आहेत. वेळ जावा म्हणून हौसेने खाऊ बनवतात. एकट्या असतात, म्हणून मी सोबतीला जात असे. याला नोकरी म्हणता येणार नाही. मी व्यवसायाने इंजिनियर आहे.

काकूंच्या बाजूला कुकरची शिट्टी झाली. कुणीतरी गॅस बंद केला.

"हौसेने?" काकू मराठीत म्हणाल्या. मलाच म्हणाल्या. "एकटी?"

"कृपया इंग्रजीत," ती बाई म्हणाली.

मला स्टिअरिंगवर डोकं आपटावंसं वाटलं. सरकारशी खोटं बोलले याची लाज मला वाटतच होती, पण ही लाज निराळी होती, अंगावरचं कातडं सोलल्यासारखी. कारण ते काही घाबरून सुचलेलं खोटं नव्हतं. मला मनातून तसंच वाटत होतं. काकूंचं लायसन्स, त्यांचं भाडं, पहाटेपासूनचं उभं राहणं, माझ्या फसलेल्या घाण्याचं तेल स्वतःच्या खिशातून टाकून देणं, हे सगळं रोज डोळ्यांनी बघूनही मी त्याला काम मानलं नव्हतं. त्याला काम म्हटलं असतं तर मी त्यांची कामवाली ठरले असते. आणि ते मला नको होतं.

काकू आपल्या इंग्रजीत सावकाश बोलल्या. हा माझा धंदा आहे. ती माझ्याकडे कामाला होती. तिने काम केलं, मी पगार दिला, मी टॅक्स भरला. चेक तिने का टाकले नाहीत, मला माहीत नाही. मी तिला दोनदा सांगितलं होतं.

"मग त्या असं का म्हणतात?" बाईने विचारलं.

"ते तिलाच विचारा," काकू म्हणाल्या.

तिने विचारलं. मी म्हटलं, मी काकूंकडे कामाला होते. त्या माझ्या मालकीण होत्या. पगार ठरलेला होता. खुलाशात लिहिलेलं सगळं खोटं आहे. ती म्हणाली, जरा मोठ्याने, रेकॉर्ड होतंय. मग मी तेच पुन्हा मोठ्याने म्हटलं. गाडीच्या बाहेरून एक बाई स्ट्रोलर घेऊन जात होती, तिने वळून पाहिलं. शेवटी मी "सॉरी काकू" म्हणाले, तेव्हा फोन ठेवल्याचा आवाज येऊन गेला होता.

काकूंवरचा संशय मिटला, किचन परत मिळालं. मला तेवढ्या आठवड्यांचे पैसे दंडासकट परत करायला लागले. त्या शांत आवाजाच्या बाईनेच मला सांगितलं होतं की भत्ता घेताना थोडं कमावलं तरी चालतं, काही भाग वजा करून बाकीचा देतात. खरं सांगितलं असतं, तर त्यातलं फार थोडं गेलं असतं. मला त्या पैशांचं काही वाटलं नाही. तपासणीबद्दल तर मी आता तोंड उघडत नाही. मंडळात कुणी फुकट्यांवर घसरलं, की मी कोशिंबीर वाढून घ्यायला जाते.

उन्हाळ्यात मला एक कॉन्ट्रॅक्टची नोकरी लागली. चेक मुदत संपून बाद झाले होते. काकूंच्या मुलाने नवा चेक पोस्टाने पाठवला, सोबत चिठ्ठी नव्हती. मी त्याच दिवशी तो बँकेत भरला.

पुन्हा दिवाळी आली तेव्हा मी फराळाची ऑर्डर दिली. वेबसाइटवरून, सगळ्यांसारखी. डबे न्यायला किचनमध्ये गेले. आत तोच वास, भाजणीचा आणि तापल्या तेलाचा. सोऱ्यापाशी एक कोवळी मुलगी उभी होती, कुठल्याशा युनिव्हर्सिटीत शिकणाऱ्याची बायको असावी. तिच्या चकल्या नीट पडत होत्या.

काकू बाहेर आल्या. जरा वाळल्या होत्या. "ये," म्हणाल्या. "घरी सगळे बरे?"

"बरे आहेत." मला एवढं सगळं बोलायचं होतं, तोंडातून भलतंच निघालं. "काकू, शनिवार-रविवार मोकळी असते मी. यंदा येऊ का?"

"मदतीला?"

"नाही काकू. कामाला."

त्यांनी माझ्याकडे नीट बघितलं. रागाने नाही, आणि तेच सहन होईना. "माणसं झाली गं माझी," त्या म्हणाल्या आणि डबे पिशवीत भरायला लागल्या.

इतक्या वर्षांत काकूंकडून मी फराळ नेला, तेव्हा दर वेळी पैशांवरून झटापट झालेली. एरवी हात आखडता, पण माझ्यापाशी त्या म्हणायच्या, "तुझ्याकडून काय घेऊ, राहू दे." मी म्हणायचे, घ्याच. त्या माझा हात धरून मागे ढकलायच्या. शेवटी कधी मी जिंकायचे, कधी त्या. आजही मी पर्स उघडायला उगाचच वेळ लावला. चेन अडकल्याचं नाटक केलं. नोटा काढून ओट्यावर ठेवल्या आणि त्यांच्या हाताकडे बघत राहिले.

काकूंनी नोटा उचलल्या आणि मोजल्या. सुटे परत दिले.

"पावती देऊ?" त्यांनी विचारलं, आणि माझ्या मागे उभ्या असलेल्या माणसाला म्हणाल्या, "या, तुमचं काय होतं?"